उद्वाहन निरीक्षक येती घरा

सरकारी मराठीत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी या नात्याने मी हा शब्द उच्चारला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघाला! शब्द गमतीचा खरा, पण त्यामागचा कायदा गमतीचा नाही.

पुष्कळांची समजूत असते की, लिफ्ट तपासायला येतो तो माणूस महापालिकेचा. तसं नाही. इमारतीचा नकाशा पालिका मंजूर करते, पण लिफ्टचा परवाना राज्य सरकारचा. तो विद्युत निरीक्षकांच्या खात्यातून येतो. हा शिरस्ता जुना आहे. तीसच्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेला उंच इमारती उभ्या राहू लागल्या आणि 1939 साली मुंबई लिफ्ट कायदा झाला. पुढे मॉल आले, सरकते जिने आले. जुन्या कायद्यात त्यांचा उल्लेखच नव्हता, म्हणून 2017 साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. त्यात सरकते जिने आले, चालते पट्टे आले आणि अपघाताच्या भरपाईसाठी विमाही आला. मूळ चौकट मात्र तीच राहिली. लिफ्ट बसवण्याआधी परवानगी, बसवल्यावर तपासणी आणि परवाना, नंतर ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणी. लिफ्टमध्ये मोठा बदल करायचा तरी आधी परवानगी हवी.

आता थोडं यंत्राविषयी. लिफ्टचा दोर तुटेल आणि आपण धाडकन खाली जाऊ, ही भीती आपल्याला सिनेमांनी घातली आहे. प्रत्यक्षात दोर एक नसतो, अनेक असतात. शिवाय 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने हजारोंसमोर दोर कापायला लावून दाखवला, तेव्हापासून या भीतीवर उतारा आहे. वेग मर्यादेबाहेर गेला की पाळण्याखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट धरतात. ब्रेकही उलट्या बुद्धीचा. वीज असेल तर तो सुटतो, वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने लागतो. एक गंमत सांगतो. पलीकडच्या बाजूचं वजन रिकाम्या पाळण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ब्रेकने दगा दिलाच तर रिकामी लिफ्ट खाली नाही, वर जाते!

आणि ती ‘6 व्यक्ती, 408 किलो’ची पाटी? माणशी 68 किलोचा हिशेब आहे तो. आमच्या मजल्यावरची काही मंडळी दीड व्यक्ती भरतील.

खरा धोका दोरात नसून दारात असतो. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कुलूप असतं. पाळणा त्या मजल्यावर नसेल तर दार उघडता कामा नये आणि दार उघडं असेल तर लिफ्ट हलता कामा नये. हे कुलूप बिघडलं की दार उघडतं, माणूस सवयीने पाऊल टाकतो आणि समोर पाळणा नसतो.

गेल्या वर्षी आमच्या चौथ्या मजल्याचं दार असंच उघडलं. निरीक्षकांनी ते स्वतः ओढून दाखवलं आणि लेखी कळवलं, दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट बंद. इमारत सात मजली, लिफ्ट एकच, दारं जुन्या जाळीची. त्या धर्तीची कुलुपं आता मिळत नाहीत, सगळी दारंच बदलावी लागतील, असं देखभाल करणाऱ्या कंपनीने सांगितलं. सहा आठवडे आणि घरटी साडेएकोणीस हजार रुपये! सभेत कल्लोळ झाला.

पैशांचं मी फार मनावर घेतलं नाही. पैशांवरून आरडाओरडा होतो आणि पैसे येतात. प्रश्न पाचव्या मजल्यावरच्या काकांचा होता. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. जाताना एकवेळ उतरतील, पण येताना पाच जिने चढणं त्यांना शक्य नव्हतं. नेमका तेव्हा कंपनीचा कारागीर हळूच म्हणाला, “साहेब, त्या कुलपाची वायर थेट जोडून टाकतो. लिफ्ट चालू राहील, कुणाला कळणारही नाही.” सभेतल्या निम्म्या लोकांना हे पटलं. काकांसाठीच तर करतोय, असं त्यांचं म्हणणं. इमारतीत दहा वर्षांखालची अकरा मुलं आहेत, ही मोजदाद त्या वेळी कुणी केली नव्हती. ती काकूंनी केली. शेवटच्या रांगेतून उठून त्या म्हणाल्या, “ह्यांचं नाव पुढे करून ते दार तसंच ठेवू नका. उद्या कुणाचं पोर गेलं तर ह्यांना लिफ्टमध्ये पाऊल ठेववेल का?”

त्यानंतर कुणी वायरचा विषय काढला नाही. तळमजल्यावरचा एक ब्लॉक रिकामा होता, मालक मुलाकडे कॅनडात असतात. त्यांना रात्री फोन केला. त्यांनी भाडं तर नाकारलंच, वर गॅसची टाकी भरलेली असल्याचंही सांगितलं. दोन दिवसांत काका-काकूंचा पलंग, देव्हारा आणि औषधांचा डबा खाली आला. काम सहाऐवजी आठ आठवडे चाललं, हे सांगायला नकोच.

काम झाल्यावर निरीक्षक पुन्हा आले. लिफ्टमध्ये वजनं ठेवली आणि वेगाचा तो जबडा मुद्दाम पाडून पाहिला. रुळांवर जो करकरीत आवाज झाला, त्याला जिन्यात जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक मजल्याचं दार त्यांनी बाहेरून ओढून पाहिलं. चौथ्या मजल्याचं तर दोनदा. खाली खड्ड्यात उतरून पावसाचं पाणी मुरतंय का, तेही पाहिलं. आमच्याकडे दर जुलैत ते मुरतं, आणि पाण्याशेजारी वीज म्हणजे काय ते सांगायला नको. पंप बसवायची तंबी मिळाली. परवाना आला त्याच दिवशी काका वर गेले.

एक शेरा मात्र अजून शिल्लक आहे. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये यंत्राखेरीज काहीही ठेवू नये. आमच्या मशीन रूममध्ये दोन मोडक्या सायकली आणि थर्माकोलचं एक गणपतीचं मखर आहे. सायकली गेल्या. मखर कुणाचं, हे कुणीच कबूल करत नाही. पुढच्या सभेचा विषय क्रमांक चार तोच आहे.