शर्यतीतली जुनी शेव्हरोले

जुन्या मोटारीला कथानायकांच्या बरोबरीचे स्थान देणारा विनोदी चित्रपट म्हणून सत्येन बोस दिग्दर्शित ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) याचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागतो. यातील तीन भावांच्या भूमिका अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार या सख्ख्या भावांनीच केल्या. त्यांचे खंडवा हे गाव भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बऱ्हाणपूरच्या पुढे लागते आणि बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी असल्यामुळे जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हा मुलूख परका नाही.

चित्रपटातील भाऊ गॅरेज चालवतात. भर पावसात बंद पडलेली गाडी घेऊन आलेली रेणू (मधुबाला) दुरुस्तीचे ५ रुपये १२ आणे न देताच निघून जाते आणि या थकलेल्या मजुरीतूनच पुढची प्रेमकथा उलगडते. भावांची स्वतःची गाडी मात्र जुनी, १९२८ सालची शेव्हरोले असून मोटारशर्यतीच्या प्रसंगात तीही धावते. त्या काळच्या गाड्यांची बॅटरी उतरली, की पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हात मोडण्याची भीती असल्याने हँडलला अंगठ्याचा विळखा न घालता तो बोटांच्याच बाजूला ठेवण्याची शिस्त कारागिराला पाळावी लागे.

अमेरिकेत ‘स्टॉक कार’ शर्यत, म्हणजे सर्वसामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या मोटारींची शर्यत, याच कारागिरीतून वाढली. दारूबंदीच्या काळापासून चोरटी दारू वाहणाऱ्यांनी पोलिसांना चुकवण्यासाठी साध्या गाड्यांची इंजिने अधिक वेगवान केली, त्यांच्यापैकी काही चालक पुढे शर्यतीत उतरले आणि १९४८ साली ‘नॅस्कार’ ही नियामक संस्था स्थापन झाली. एल्विस प्रेस्लीचा ‘स्पीडवे’ (१९६८) हा हलकाफुलका चित्रपट याच शर्यतींवर बेतलेला आहे.

दोन्हीकडे गाडीच्या किमतीपेक्षा ती चालती ठेवणाऱ्या हातांना महत्त्व आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या धुळ्यात मिस्त्रींच्या कसबाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच खानदेशातील प्रेक्षकांनी ‘चलती का नाम गाडी’ पुन्हा पाहताना सचिन देव बर्मन यांच्या संगीताइतकीच त्यातील गॅरेजच्या प्रसंगांचीही दखल घ्यावी, कारण ग्रीसने माखलेल्या कारागिराला नायकपद देणे हे या चित्रपटाचे मोठे श्रेय आहे.