विहिरीतील पाण्याची पातळी व पाणबुडी मोटारीचे आयुष्य

घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते व जायकवाडीचा डावा कालवाही तालुक्यातून जातो. तथापि कालव्यापासून दूर असलेल्या मोसंबीच्या बागांची भिस्त विहिरींवर व विंधणविहिरींवरच असते. येथील काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे चैत्र-वैशाखात पातळी झपाट्याने खालावते आणि नेमक्या त्याच दिवसांत मोटारी जळतात. दुरुस्तीस चार दिवस लागले तरी आंबे बहाराची लहान फळे गळू लागतात.

पाणबुडी मोटारीस थंड ठेवणारा पंखा नसतो. तिची उष्णता सभोवतीचे वाहते पाणीच वाहून नेते. मोटार खाली, पंप वर व पाणी ओढणारी जाळी या दोहोंच्या मधे, अशी तिची रचना असते. झरा मोटारीच्या खाली असेल तर पाणी तिच्या अंगास घासून वर चढते. झरा जाळीच्या वर असल्यास मात्र मोटारीभोवतीचे पाणी स्तब्ध राहून तापते; रुंद विहिरीतही हाच प्रकार घडतो. अशा ठिकाणी मोटार व जाळी यांवर खालून उघडी, वरून बंद अशी नळी बसवावी, म्हणजे पाणी मोटारीवरूनच येईल.

पाणी जाळीखाली गेल्यास संकट दुहेरी असते. पंपाच्या धारव्यांना वंगण पाण्याचेच असल्याने ते कोरडे घासले जातात, आणि थंडावाही नाहीसा होतो. त्यात विजेचा दाब कमी असला तर मोटार अधिक प्रवाह ओढते. प्रवाह सव्वापट झाला की गुंडाळीतील उष्णता दीडपटीहून अधिक होते. वेष्टणाचे तापमान मर्यादेपलीकडे दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा विद्युतशास्त्रातील ढोबळ नियम आहे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या मानकांनुसार बनलेल्या बहुतेक पेट्रोल दुचाकींच्या टाकीतील विद्युत पंपासही हेच लागू पडते. त्यास थंडावा व वंगण पेट्रोलच देते. सबब टाकी तळाशी आणून गाडी वारंवार उन्हात दामटू नये.

मोटार तासभर चालवून दोरीने पातळी मोजावी. पातळी जाळीकडे सरकत असल्यास वरचा कॉक थोडा आवळून उपसा झऱ्याइतका करावा. तो पूर्ण बंद मात्र करू नये, कारण प्रवाह थांबताच थंडावाही थांबतो. रात्रीच्या विजेसाठी अनेक जण आपोआप चालू होणारी कळ बसवितात. कोरडेपणी मोटार बंद पाडणारे उपकरण सोबत नसेल, तर ती कळ उन्हाळ्यात काढून ठेवणेच श्रेयस्कर.