लहान कुत्र्याची खाज : औषधाआधी निदान

मंडळी, आपला धाराशिव जिल्हा उस्मानाबादी शेळीचा. त्यामुळे बऱ्याच घरांत गोचिडाचं औषध असतं, आणि कुत्रं खाजवायला लागलं की तेच त्याच्या अंगावर चोळलं जातं. आता बघा, शेळी असते ३० किलोच्या आसपास, पामेरियन ३-४ किलोचा. शिवाय तो अंग चाटतो, म्हणजे औषध पोटात जातं. मग लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. जीवही जाऊ शकतो. जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल हेही नकोच.

खाज सारखीच दिसली तरी कारणं वेगळी असतात. कानांच्या कडा आणि कोपरं खाजत असतील, घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर खरजेचा संशय घ्यावा. शेपटीच्या बुडाशी केस गेले, तर बहुधा पिसवा. खरजेचे किडे शोधायला त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. म्हणून आधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, आणि डोस ठरण्याआधी कुत्र्याचं वजन करून घ्या.

आणखी एक. कुत्र्यावरच्या गोचिडाची मादी अंडी घालते ती भिंतीच्या फटीत, कुत्र्याच्या अंगावर नव्हे. तेव्हा फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. नाहीतर औषध संपतं आणि गोचीड परत येतो.