नकाशाचे चित्र काढताना माप जपा

राजोडी-कळंबच्या किनारपट्टीवर गोदामासाठी किंवा घरासाठी जागा पाहणारे आमचे अनेक व्यापारी बांधव मोबाइलवर आलेल्या नकाशाच्या चित्रावरच बोलणी करतात. चित्र दिसायला साफ असते, पण त्यातले माप खरे असेलच असे नाही. किनारा नियमनाच्या सन २०१९ च्या अधिसूचनेत गावाच्या वर्गाप्रमाणे भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरची मर्यादा सांगितली आहे. अशा ठिकाणी दहा मीटरची चूकही बयाणा बुडवू शकते. म्हणून संगणकावरील नकाशाचे चित्र कसे काढावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

क्यूजीआयएस हा नकाशाचा प्रोग्राम मोफत मिळतो. त्यात प्रथम नकाशाची प्रक्षेपण पद्धत पाहावी. आपल्या भागासाठी यूटीएम विभाग ४३ उत्तर ही योग्य आहे. इंटरनेटवरील नकाशे बहुधा वेब मर्केटर पद्धतीचे असतात. त्यावर सरळ पट्टी लावली तर वसईच्या अक्षांशावर अंतर सुमारे सहा टक्के जास्त भरते. म्हणजे १९० मीटरवरचा भूखंड २०१ मीटरवर दिसतो आणि मर्यादेच्या बाहेर असल्याचा भास होतो.

यानंतर प्रिंट लेआऊट उघडून कागद ए-४ आणि प्रमाण १:४००० ठेवावे. या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर, तर २०० मीटर म्हणजे पाच सेंटिमीटर. नकाशावर पट्टीसारखी मोजरेषा अवश्य टाकावी. पुढे चित्र लहान-मोठे झाले तरी ती त्याच हिशेबाने लहान-मोठी होते. आकड्यात लिहिलेले प्रमाण मात्र तसेच राहते आणि खोटे ठरते.

आता डीपीआय. कापडात एका इंचात किती धागे आहेत हे आपण पाहतो, तसेच चित्रात एका इंचात किती ठिपके आहेत हे पाहायचे. एक्स्पोर्ट रिझोल्यूशन ३०० ठेवले तर ए-४ चे चित्र २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे होते, आणि १:४००० प्रमाणात एक ठिपका जमिनीवरील सुमारे ३४ सेंटिमीटर व्यापतो. ९६ ठेवले तर तोच ठिपका एक मीटरहून जास्त व्यापतो. परंतु मूळ नकाशाच १:२५,००० चा असेल तर डीपीआय वाढवून उपयोग नाही. तेथे अर्ध्या मिलिमीटरची रेघच साडेबारा मीटर जागा खाते. सुताचा दर्जा हलका असेल तर इस्त्रीने माल सुधारत नाही.

फाइलचा प्रकारही विचारपूर्वक निवडावा. जेपीजीमध्ये रेघांच्या व अक्षरांच्या कडा पुसट होतात. सीमारेषांसाठी पीएनजी बरी. चित्र पुन्हा नकाशावर बसवायचे असेल तर जिओटिफ घ्यावी, किंवा एक्स्पोर्ट करताना वर्ल्ड फाइलच्या चौकटीत खूण करावी. या छोट्या फाइलमध्ये चित्र जमिनीवर कोठे बसते याचे सहा आकडे असतात. मात्र चित्र कापले किंवा त्याचा आकार बदलला की ते आकडे जुळत नाहीत.

शेवटी छपाई आणि पाठवणी. छापताना 'फिट टू पेज' नको, 'ॲक्च्युअल साइझ' निवडावे. चित्र ९४ टक्क्यांवर आले तर २०० मीटर १८८ भरतील. ओढून किंवा सैल सोडून मोजलेल्या कापडासारखाच हा प्रकार आहे. छापल्यावर मोजरेषेला पट्टी लावून खात्री करावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

एवढे करूनही हे चित्र म्हणजे बोलणीपुरता नमुना, सौद्याचा दस्तऐवज नव्हे. जागेची हद्द भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने आणि भरतीरेषेपासूनचे अंतर अधिकृत संस्थेच्या नकाशावरून ठरवून घ्यावे. बयाण्याची रक्कम त्यानंतरच द्यावी, हीच आमची व्यापारी बांधवांना सूचना आहे.