ट्रायकोग्रामा ओळखायचा कसा?

जालना जिल्ह्यात कपाशीला पाते लागले की गुलाबी बोंडअळीचा विषय निघतो, आणि त्यामागोमाग ट्रायकोकार्डाचा. जाड कागदाच्या एका कार्डावर कॉर्सायरा या धान्यातल्या पतंगाची १८ ते २० हजार अंडी डिंकाने चिकटवलेली असतात आणि त्यातल्या बहुतेक अंड्यांत ट्रायकोग्रामा गटातली एक परजीवी गांधीलमाशी वाढत असते. तीन कार्डे म्हणजे एकरी साठेक हजार. पट्ट्या कापायच्या, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, पुढचे काही दिवस फवारणी बंद. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कार्डावरचे नाव मात्र सहसा कोणी वाचत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

उसातल्या खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा किलोनिस चालतो, उसाच्या शेंडे किडीसाठी आणि भातासाठी जापोनिकम. मक्यावरच्या लष्करी अळीच्या अंड्यांसाठी प्रेटिओसम सुचवतात. गुलाबी बोंडअळीसाठी शिफारस होते ती ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रेची. ही तर ट्रायकोग्रामाची प्रजातीही नव्हे, शेजारच्या वंशातली आहे. अंबड-घनसावंगीच्या उसात जे कार्ड लावले तेच भोकरदनच्या कपाशीत लावले, तर पैसे आणि आठवडा दोन्ही वाया जाण्याची शक्यता असते. किडीचा पतंग अंडी घालून मोकळा होतो आणि अळी एकदा बोंडात शिरली की अंड्यावरच्या परजीवीचा काही उपयोग उरत नाही.

आता ओळखीकडे वळू. पहिली पायरी साध्या भिंगाची. कार्डावरची अंडी आधी पांढरट-पिवळसर असतात. परजीवी आत गेला असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडे काळे पडते, कारण आतली अळी कोषावस्थेत जाताना अंड्याच्या आतल्या बाजूला काळ्या कणांचा थर बसवते. सात-आठ दिवसांत माशी गोल भोक पाडून बाहेर येते. मात्र काळे अंडे म्हणजे ट्रायकोग्रामाच, असे धरून चालू नये. टेलेनोमस या दुसऱ्या परजीवीने पोखरलेली अंडीही गडद होतात, आणि तो तर वेगळ्याच कुळातला.

बाहेर आलेला कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो, म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या अंड्याएवढाच. डोळे लालभडक, अंग पिवळसर किंवा काळपट. गांधीलमाशीची म्हणून जी बारीक कंबर आपल्याला माहीत आहे, ती इथे दिसत नाही. छाती आणि पोट रुंद जोडलेले असतात. रंगावर विसंबू नये. थंडीत वाढलेले कीटक गडद आणि उन्हाळ्यात वाढलेले फिकट निघतात, प्रजाती एकच असली तरी.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे. आधी पाय पाहायचा. पायाच्या टोकाशी असलेल्या पावलाचे तुकडे मोजायचे: तीन असतील तर कुळ ट्रायकोग्रामाटिडी. याच्या इतर बहुतेक नातलगांत ते चार किंवा पाच असतात. पंखावरची ओळख त्याहून मजेदार आहे. पुढच्या पंखावर बारीक केस रांगा धरून उभे असतात, पेरणी केलेल्या शेतातल्या तासांसारखे. कडेची शीर नागमोडी वळते आणि तिच्या टोकापासून आतल्या बाजूला केसांची एक आखूड रांग मागे जाते. ही रांग असेल तर वंश ट्रायकोग्रामा. शेजारच्या ट्रायकोग्रामाटॉयडियात ती नसते. शंका उरलीच तर नराची मिशी पाहावी. ट्रायकोग्रामाच्या नराची मिशी मुळापासच्या भागानंतर एकसंध आणि लांब केसांनी भरलेली असते. ट्रायकोग्रामाटॉयडियाच्या नरात तीच तुकड्यातुकड्यांची दिसते.

मिशी सोडली तर इथवर मादी असली तरी भागते. पुढे फक्त नर लागतो.

जॉन ओबादाया वेस्टवूड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये हा वंश मांडला. आज त्यात दोनशेहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांच्या माद्या जवळपास सारख्याच दिसतात. यातून वाट काढण्यात भारतातल्या कामाचा वाटा मोठा आहे. बंगळुरूच्या कॉमनवेल्थ जैविक नियंत्रण संस्थेत सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी आधी वेगवेगळ्या ठिकाणचे कीटक एकमेकांत संकरित करून पाहिले (१९६८), आणि १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियाची रचना हीच प्रजातीची भरवशाची खूण असल्याचे दाखवून दिले. भारतातला आपला नेहमीचा ट्रायकोग्रामा तोवर इव्हानेसेन्स, ऑस्ट्रॅलिकम, कन्फ्यूजम अशा नावांनी छापला जात होता. १९७९ मध्ये याच दोघांनी तो किलोनिस असल्याचे पक्के केले. म्हणून जुने शोधनिबंध वाचताना नाव पाहून लगेच विश्वास ठेवू नये.

जननेंद्रियाची खूण पाहायची रीत अशी. नर अल्कोहोलमध्ये जपलेला असावा. कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य द्रावणात ठेवला की शरीर पारदर्शक होते. मग चढत्या क्रमाने अल्कोहोल, त्यानंतर लवंगेचे तेल, आणि शेवटी कॅनडा बाल्समच्या थेंबात स्लाइडवर पाठ वर करून मांडणी. पाठ वर असणे फार महत्त्वाचे, कारण आडव्या पडलेल्या नमुन्यावरून काहीच ठरवता येत नाही. चारशेपट मोठे करून पाहिले की पोटाच्या टोकाशी एक लांबट पेटी दिसते. तिच्या वरच्या बाजूला त्रिकोणी पडदा असतो. किलोनिसमध्ये या त्रिकोणाला बाजूंना ठळक गोलसर कान फुटलेले असतात. पडद्याचा आकार, त्याची लांबी आणि टोके कुठवर पोहोचतात, यावर पुढचा निवाडा होतो.

काही वेळा नर मिळतच नाही. एरवी या कीटकांत फलन न झालेल्या अंड्यातून नर आणि फलित अंड्यातून मादी निपजते. पण वोल्बाकिया नावाचा जीवाणू अंगात असलेल्या माद्या नराशिवाय माद्याच जन्माला घालत राहतात. १९९० मध्ये स्टाउथमर आणि सहकाऱ्यांनी अशा माद्यांना प्रतिजैविक दिले, तेव्हा नर जन्मू लागले. आज नर नसेल तर डीएनएच्या आयटीएस-२ या तुकड्यावरून प्रजाती ठरवतात. बाह्य रूप किती फसवे असते याचा नमुना १९३७ मध्येच केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांनी दाखवला होता: ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिसचे नर पतंगाच्या अंड्यातून निघाले तर पंख असलेले आणि सायलिस या पाणवठ्यावरच्या कीटकाच्या अंड्यातून निघाले तर बिनपंखी. वेगळी प्रजाती म्हणून नोंदवून टाकावे इतका फरक, आणि आई मात्र एकच!

शेतातून नमुना घ्यायचा असेल तर पात्यावरचे किंवा पानावरचे अंडे देठासकट तोडा आणि प्रत्येक अंडे वेगळ्या काचनळीत कापसाचे बूच लावून ठेवा. सगळी अंडी एका डबीत टाकली की कोणता परजीवी कोणाच्या अंड्यातून आला, हे कायमचे हरवते. घाटेअळीच्या एका अंड्यातून दोन-तीन कीटकही निघतात; भावंडे एकत्र राहिली तर नर-मादी दोन्ही हाती येण्याची शक्यता वाढते. निघालेले कीटक अल्कोहोलमध्ये टाका. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक आणि कोणत्या किडीचे अंडे, हे पेन्सिलीने लिहा; शाई अल्कोहोलमध्ये विरते.

पुढच्या हंगामात कार्ड घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: यातली प्रजाती कोणती, आणि ती कोणत्या किडीसाठी? दोन्हींची उत्तरे कार्डावर छापलेली नसतील, तर ते कार्ड घेऊ नका.