डिस्क वाचते, पट्टी उजळते

ज्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो त्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पॉवरच्या बटणाजवळ एक बारीक दिवा असतो. फाइल उघडली की तो फडफडतो, संगणक नुसता बसून असला की विझतो. हार्ड डिस्कवर काही वाचलं किंवा लिहिलं जात आहे, एवढी एकच बातमी तो देतो. पुढे काचेची कॅबिनेट आली, त्यांत रंगीत एलईडी पट्ट्या आल्या आणि या दिव्याकडे बघणं मागे पडलं. पट्ट्या दिवसभर रंग बदलतात, पण संगणकात काय चाललंय याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. तो संबंध थोडक्या सामानात जोडता येतो, आणि जोडावा असं मला मनापासून वाटतं.

कुर्डुवाडीसारख्या रेल्वेच्या गावाला यामागचं तत्त्व परकं नाही. पुणे-सोलापूर मार्गावरच्या या जंक्शनातून एक फाटा पंढरपूर-मिरजेकडे जातो, दुसरा बार्शी-लातूरकडे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज १८९७ साली इथूनच सुरू झाली. इतके रूळ एकत्र येतात तिथे कोणत्या रुळावर गाडी आहे हे डोळ्यांनी बघून भागत नाही. त्यासाठी ट्रॅक सर्किट वापरतात. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकाने १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका तुकड्यात हलका प्रवाह सोडलेला असतो आणि तो दुसऱ्या टोकाचा रिले उचलून धरतो. गाडी आली की प्रवाह तिच्या चाकांतून आणि आसातूनच परत फिरतो, रिले खाली पडतो आणि पॅनलवर तो तुकडा लाल दिसतो. रुळातला नाजूक प्रवाह स्वतः दिवा पेटवत नाही. तो फक्त रिले हलवतो, दिव्याची वीज वेगळ्या वाटेने येते.

कॅबिनेटमध्येही असाच मधला माणूस लागतो. मदरबोर्डच्या फ्रंट पॅनलच्या पिनांवर डिस्कच्या दिव्यासाठी फार तर काही मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. याउलट मीटरभर लांबीच्या, साठ दिव्यांच्या १२ व्होल्टच्या रंगीत पट्टीला तिन्ही रंग पूर्ण पेटल्यावर सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. पट्टी थेट त्या पिनांना जोडली तर ती पेटणार नाहीच, वर मदरबोर्डला इजा होण्याची भीती.

मधला माणूस म्हणजे ऑप्टोकपलर. ‘पीसी ८१७’ हा चार पायांचा चिमुकला काळा तुकडा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किरकोळ किमतीत मिळतो. त्याच्या पोटात एका बाजूला अदृश्य प्रकाश देणारी एलईडी आणि समोर तो प्रकाश पडताच वाहू लागणारा ट्रान्झिस्टर असतो. दोघांमध्ये विजेची कुठलीच जोडणी नाही. एक नंबरचा पाय मदरबोर्डच्या ‘एचडीडी एलईडी’ प्लसला, दोन नंबरचा मायनसला. जोडणी उलटी झाली तरी ५ व्होल्टला हा भाग जळत नाही. पट्टी पेटली नाही तर वायर फिरवून लावायची, एवढंच.

दुसऱ्या बाजूला चौथ्या पायाला १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्ट द्यायचे. तिसरा पाय पट्टीची वीज चालू-बंद करणाऱ्या ‘आयआरएलझेड ४४ एन’ या मॉसफेटच्या गेटला जोडायचा आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. मॉसफेटचा सोर्स ग्राउंडला, ड्रेन पट्टीच्या मायनसला. पट्टीचा प्लस १२ व्होल्टला. मोलेक्स कनेक्टरची पिवळी वायर १२ व्होल्टची, काळी ग्राउंडची. लाल वायर ५ व्होल्टची असते, तिला इथे हात लावायचा नाही.

पुढचा मूळ दिवाही चालू ठेवायचा असेल तर तो ऑप्टोकपलरला समांतर जोडू नका. ऑप्टोकपलर आपल्या दोन टोकांमध्ये सव्वा व्होल्टच्या आसपासच दाब राहू देतो, आणि लाल एलईडीला पावणेदोन-दोन व्होल्ट तरी हवेत. म्हणून दिवा विझूनच राहतो. एकामागे एक अशी जोडणी केली की ५ व्होल्टवर दोन्ही चालतात.

आता खरी गंमत काळाची आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत संपते. एसएसडी तर त्याहून कितीतरी लवकर मोकळी होते. पट्टी इतक्या घाईने उघडझाप करू लागली तर डोळ्यांना त्रास होतो, आणि ज्यांना प्रकाशाच्या लखलखाटाने फिट येते त्यांच्यासाठी सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट धोक्याचा मानतात. उपाय सोपा आहे. गेट आणि ग्राउंडमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर टाकला की डिस्क थांबल्यावर पट्टी पाऊणएक सेकंद घेत विझते. हा कपॅसिटर टाळू नये.

रेल्वेच्या सर्किटशी तुलना केली की आपल्या जुळणीतला एक उणेपणा मात्र दिसतो. रुळाची वायर तुटली तर पॅनलवर लालच दिसतं, म्हणजे बिघाडसुद्धा सावध करतो. आपली पट्टी अंधारी असेल तर डिस्क शांत आहे की वायर निसटली, कळत नाही. ऑप्टोकपलर गेट आणि ग्राउंड यांच्या मध्ये बसवून गेटला १२ व्होल्टकडे खेचणारा रेझिस्टर लावला, तर पट्टी एरवी पेटलेली राहते आणि डिस्कच्या कामाबरोबर मंदावते. मदरबोर्डकडची वायर तुटल्याचं यातूनही कळणार नाही, पण पट्टी आणि तिची वीज शाबूत आहे हे तरी दिसत राहतं. मला ही दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

या प्रकाशाचा उपयोगही आहे. पहिल्या पद्धतीच्या जोडणीत, काहीच उघडलेलं नसताना पट्टी मिनिटामागून मिनिटं जागी असेल तर मेमरी कमी पडत असेल, व्हायरस तपासणी चालू असेल किंवा डिस्क खराब होत आली असेल. संगणक अडकला म्हणून बटण दाबून बंद करण्याआधी पट्टीकडे बघा. ती हलत असेल तर थांबा, लिहिणं अर्धवट तुटलं तर फाइल जाते. एक तपासणी आधीच करावी: एनव्हीएमई एसएसडीची हालचाल अनेक मदरबोर्ड या पिनांवर दाखवतच नाहीत.

कुर्डुवाडी आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांत जुने संगणक पडून असतात. शिक्षकांनी त्यातला एक घ्यावा, वीज पूर्ण काढून तो उघडावा, वीजपुरवठ्याच्या (एसएमपीएसच्या) डब्याला अजिबात हात न लावता ही जुळणी मुलांच्या हातून करून घ्यावी.