पेंटर, बाबूराव
पेंटर, बाबूराव : (३ जून १८९०–१६ जानेवारी १९५४). महाराष्ट्रातील एक स्वयंशिक्षित तैलचित्रकार, शिल्पकार व भारतीय मूकपटाचे एक आद्य प्रवर्तक. संपूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म व मृत्यू कोल्हापूर येथे. ‘पेंटर’ हे त्यांचे उपनाम व्यवसायावरून रूढ झाले.

पाश्चात्त्य वास्तववादी चित्रणाचे पद्धतशीर शिक्षण त्या काळी मुख्यत्वे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) मिळत असे. कोल्हापूरचेच ज्येष्ठ चित्रकार आबालाल रहिमान (१८६०–१९३१) तेथेच शिकले होते. बाबूरावांनी मात्र कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नाही. त्यांचे वडील कृष्णराव हे अनेक हस्तव्यवसायांत निष्णात असलेले कारागीर. त्यांच्या हाताखाली लाकूड, धातू आणि रंग ही माध्यमे बाबूरावांना बालपणापासून परिचित झाली. त्यामुळे त्यांचे स्वयंशिक्षण हे एकाकी अभ्यासाचे फलित नसून, घरच्या कर्मशाळेतील परंपरेचाच तो विस्तार होता.

या शिक्षणाला खरी दिशा मिळाली ती रंगभूमीमुळे. नात्यातील बंधू आनंदराव (मृ. १९१६) यांच्यासमवेत त्यांनी सुमारे १९१० पासून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यास प्रारंभ केला. केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ व बालगंधर्वांची ‘गंधर्व नाटक मंडळी’ यांसारख्या नामवंत संस्थांसाठी त्यांनी रंगविलेले पडदे विशेष गाजले. राजवाडा, अरण्य वा राजमार्ग सपाट कापडावर खोल भासावा, यासाठी यथादर्शनाचे नियम अचूक पाळावे लागत. दूर बसलेल्या प्रेक्षकाला दृश्य स्पष्ट दिसावे, म्हणून छायाप्रकाशाची विभागणीही ठळक ठेवावी लागे. कलाशाळेतील विद्यार्थी जे लहान चित्रफलकावर शिकतो, ते या बंधूंनी भव्य आकारात आणि प्रयोगाची तारीख सांभाळून आत्मसात केले.

तैलरंगाचे तंत्र याहून वेगळे आहे. जवसाच्या तेलात खललेला रंग सावकाश वाळतो. त्यामुळे ओल्या छटा परस्परांत मिसळून त्वचेची कांती किंवा वस्त्राची घडी यांतील सूक्ष्म संक्रमणे साधता येतात. तसेच वाळलेल्या थरावर पातळ थर देऊन रंगाला खोली आणता येते. मात्र या माध्यमास सवड व संयम लागतो. बाबूरावांच्या तैलचित्रांत देवदेवता व पौराणिक विषयांवरील रचनाचित्रे आणि व्यक्तिचित्रे यांचा समावेश होतो. ‘जलवाहिनी’ हे त्यांचे एक प्रसिद्ध चित्र होय. पाश्चात्त्य पद्धतीच्या शरीररचनेस कल्पनारम्य, मृदू वातावरणाची जोड देणे, हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य मानता येईल.

दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटाने दोघे बंधू चित्रपटाकडे आकृष्ट झाले. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी वि. गो. दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला. त्यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’चा सैरंध्री हा मूकपट १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. सिंहगड (१९२३) व सावकारी पाश (१९२५) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय मूकपट. प्रसंगांची रेखाटने ते आधी स्वतः करीत. भित्तिचित्रेही स्वतः रंगवीत. रंगविलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी घनाकार नेपथ्य वापरात आणले. सपाट पडद्यावर खोलीचा आभास निर्माण करण्यात ज्याने हात घडविला, त्यानेच त्या आभासाची गरज संपविली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आदी सहकाऱ्यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीही बंद पडली. त्यानंतर बाबूरावांनी काही बोलपट दिग्दर्शित केले. तथापि त्यांचा ओढा पुन्हा चित्र व शिल्प यांकडेच राहिला. चित्रपटनिर्मितीत त्यांच्या उमेदीची अनेक वर्षे खर्ची पडल्याने चित्रकार म्हणून त्यांची ख्याती काहीशी झाकोळली. परंतु त्यांच्या मूकपटांतील दृश्यरचना आणि प्रकाशयोजना यांचे मूळ त्यांच्या चित्रकारीतच शोधावे लागते. त्यांचे पुत्र रवींद्र मेस्त्री यांनी ही परंपरा चित्र आणि शिल्प या दोन्ही क्षेत्रांत पुढे चालविली.